पत्रिका पाहण्याचे कारण

‘आरोग्यपत्रिका’ हा शब्द सविताचा. निदान ती तसं सगळ्यांना सांगत सुटली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आरोग्य खात्याचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ डोकेदुखी. आरोग्य केंद्रात औषधांच्या फ्रिजशेजारी सर्व्हरचा एक खोका, लाईट गेली की तोही गेला. बिघडला तर कंपनीचा माणूस उगवेपर्यंत हातावर हात, कारण आत काय आहे ते फक्त कंपनीला ठाऊक. पासवर्ड मात्र अख्ख्या केंद्राचा एकच, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. कोणीही यावं आणि कोणाचाही आजार उघडून बघावा. मग नवं आलं. ते मुक्त सॉफ्टवेअर होतं, म्हणजे ते कसं बांधलंय हे कोणालाही बघता येणारं, हवा तो बदल करता येणारं. पेशंटची जुनी-नवी सगळी माहिती आता खोक्यात न राहता सुरक्षित क्लाउडवर जाणार होती, आणि ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा.

पुण्याहून आलेल्या प्रज्ञेश नावाच्या इंजिनिअरने केंद्रातल्यांनाच विचारलं, यातली मराठी तुमच्यापैकी कोणी लिहील का? डेटा एंट्री ऑपरेटर सविताने लगेच हात वर केला. सरकारी मराठीवर तिचा जुना राग. ‘रुग्ण अभिलेख’ उडवून तिने ‘आरोग्यपत्रिका’ घातलं. ‘बदल सुनिश्चित करा’च्या जागी सरळ लिहिलं, ‘खात्री आहे ना?’ प्रज्ञेश खूश झाला. हेच शब्द पुढे सगळीकडे चालणार म्हटल्यावर सविताची मान ताठ झाली. ‘पत्रिका कोणी पाहिली’ आणि ‘पाहण्याचे कारण’ हे शब्दही तिचेच. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तीच ते विसरल्यासारखी वागली.

त्याच दिवसांत तिच्या भावाला, स्वराजला, शिरगावचं स्थळ आलं. मुलगी तेजल, नर्सिंग शिकलेली, उपकेंद्रात आरोग्य अधिकारी म्हणून नुकतीच लागलेली. स्वराज तळेगावच्या कारखान्यात. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, ते चहा थंड झाला तरी खाली येईनात. स्वराजच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. साखरपुड्याचं बोलणं सुरू होणार, तेवढ्यात सोमाटण्यातल्या कुणा बाईने सविताच्या आईच्या कानात सोडलं, की पोरगी कॉलेजात असताना बरेच महिने अंथरुणाला खिळून होती म्हणे.

“तुज्या त्या मशीनमदी दिसंल की,” आई म्हणाली. “बघ की जरा. आपल्या पोराच्या जल्माचा सवाल हाय. कुणाला कळतंय?”

सविताने आढेवेढे घेतले. पण ते दिवसभरच. दुसऱ्या दिवशी केंद्रात गर्दी ओसरल्यावर तिने तेजलची पत्रिका उघडली. सॉफ्टवेअरने विचारलं, पाहण्याचे कारण? तिने खालच्या यादीतून ‘उपचाराचा पाठपुरावा’ निवडलं, कारण ते सगळ्यात वर होतं. पत्रिकेत काही वर्षांपूर्वीची टीबीची नोंद होती. कोर्स पूर्ण, पेशंट बरा. शेवटची दोन वाक्यं सविताला समजत नव्हती असं नाही. टीबीचा कोर्स पूर्ण झाला की माणूस बरा होतो हे ती रोज दुसऱ्यांना सांगायची. तरी तिने आईला सांगितलं. आणि आईने शिरगावला निरोप धाडला, मुलगी चांगली आहे, पण पत्रिका जुळत नाही.

स्वराज दोन दिवस जेवला नाही. “पत्रिका? आपल्याकडं कधीपासून पत्रिका बघायला लागले?” एवढंच म्हणाला. सविता म्हणाली, आईचं मन राख. बोलताना तिने भावाकडे पाहिलं नाही.

नव्या सॉफ्टवेअरचं शेवटचं ट्रेनिंग तुंगार्लीतल्या एका हॉलमध्ये होतं. बाहेर तळ्यावर धुकं, आत पंखे बंद तरी सगळे गारठलेले. सविता पुढच्या रांगेत. शब्द तिचे होते, तेव्हा कौतुक होणार याची तिला खात्री होती, आणि झालंही. प्रज्ञेशने तिला उभं करून टाळ्या वाजवल्या. ती वळून हसली आणि मागच्या रांगेत तिला तेजल दिसली. तेजलही टाळ्या वाजवत होती.

“आजवर आपलं उलटं होतं,” प्रज्ञेश सांगू लागला. “सॉफ्टवेअर कुलपात आणि पेशंट उघड्यावर. आता सॉफ्टवेअर उघडं, पेशंट कुलपात. आजपासून आणखी एक. आपली पत्रिका कोणी पाहिली ते ज्याचं त्याला मोबाईलवर दिसेल. कोणी स्वतःची उघडून दाखवेल का? आजार दिसणार नाही, फक्त कोणी पाहिली तेवढंच पान.”

सविता खुर्चीत खाली सरकली. बघणाऱ्यांची नावं साठतात हे तिला माहीत होतं, शब्दच तिने लिहिले होते. पण तो कुठे तरी वर, साहेब लोकांचा मामला, कोण वाचत बसतंय, असं तिने धरलं होतं. देवा, दुसरं कोणीही उठू दे, एवढंच ती मनात म्हणाली.

“मी दाखवते,” तेजल म्हणाली.

तिचा मोबाईल पडद्याला जोडला गेला. मोठ्या अक्षरांत पान उमटलं. वर एका डॉक्टरांचं नाव, मग एका नर्सचं. तिसरं नाव सविता मुऱ्हे. पाहण्याचे कारण: उपचाराचा पाठपुरावा.

“अगं सविता, आता पाठपुरावापण तूच करतेस होय? आम्हाला काढून टाकतात वाटतं!” एक नर्स मोठ्याने म्हणाली आणि हॉल हसला. बिचारीला स्थळाचं काही ठाऊक नव्हतं. सविताही हसली. ते हसू तिच्या तोंडावर तसंच अडकून राहिलं, कारण ते काढलं तर खाली काय दिसेल याची तिला भीती वाटत होती. तेजल हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिने तारीख वाचली असणार. निरोप गेला त्याच्या आदल्या दिवसाची होती.

“नोंद पुसता येत नाही,” प्रज्ञेश पुढे बोलत होता. “चुकली तर तिच्याखाली दुरुस्ती लिहायची. ती पेशंटला जाते आणि तुमच्या डॉक्टरांनाही.”

चहाच्या सुट्टीत सविता वडापावच्या टेबलाकडे न जाता जिन्याकडे निघाली. तेजल तिथेच उभी होती.

“सविताताई, पत्रिका बघूनच नाही म्हणालात तुम्ही,” ती म्हणाली. “म्हणजे खोटं काही बोलला नाहीत.”

आपलाच लाडका शब्द असा तोंडावर येईल असं सविताला कधी वाटलं नव्हतं. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. “आईनं सांगितलं म्हणून...” तिने सुरुवात केली आणि मध्येच थांबली, कारण तेवढं बोलायचीसुद्धा तिला लाज वाटली.

“विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुमच्या भावाला सांगितलंच होतं, त्या दिवशी गच्चीवर. माझ्या घराबाहेर दुसऱ्या कोणाला नाही. ते म्हणाले, बरी झालीस ना, मग झालं. आणि मग तुमचा निरोप आला. मला वाटलं, तोंडावर हो म्हणून घरी जाऊन त्यांनीच नाही म्हटलं. रोज त्यांना मनात शिव्या देत होते मी. फोन आले त्यांचे, उचलले नाहीत.”

स्वराजला सगळं माहीत होतं, आणि तरी हो म्हणाला होता. सविताने चोरून जे शोधलं ते चोरण्यासारखं नव्हतंच.

“मी पाया पडते तुझ्या,” ती म्हणाली.

“पाया नका पडू. कारण दुरुस्त करा. पाठपुरावा लिहिलंयत तुम्ही. उद्या एखाद्या डॉक्टरने वाचलं तर त्याला वाटेल मला परत झालाय.”

सविता परत हॉलमध्ये गेली. सगळे बाहेर चहा घेत होते. तिने मशीनवर आपला पासवर्ड घातला, मोबाईलवर आलेला आकडा घातला. तिची नोकरी कंत्राटी, डॉक्टरांनी हे वाचलं तर पुढच्या वेळी नाव राहीलच असं नाही. आधी तिने लिहिलं, ‘चुकून पाहिली’. खोडलं. मग ‘कौटुंबिक कारण’. हे तर तिला चीड येणारं सरकारी मराठीच होतं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं: ‘माझ्या भावासाठी तेजलचं स्थळ आलं होतं. तिला काय आजार होता ते शोधायला तिला न विचारता पाहिली. भावाला यातलं काही माहीत नव्हतं. तेजलला आता कसलाही आजार नाही.’

पडद्यावर तिचेच शब्द आले, ‘खात्री आहे ना?’ लिहिताना तिला हे वाक्य किती घरचं वाटलं होतं. आता कुणीतरी थोरलं माणूस समोर बसून विचारतंय असं वाटलं. तिने ‘हो’ दाबलं.

दारात तेजलचा मोबाईल वाजला. तिने उभ्या उभ्या वाचलं, सावकाश, दोनदा.

“हे त्यांना कोण सांगणार?” तिने विचारलं.

“मी,” सविता म्हणाली, आणि तिच्यासमोरच स्वराजला फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे कारखान्याचा आवाज होता.

“बोल ताई,” तो म्हणाला. “ट्रेनिंग झालं? वाजवल्या का टाळ्या तुझ्या शब्दांना?”