मदरबोर्डाला तीट

चंद्रकांताच्या घरात टेबलफॅन एकच होता, आणि गेला आठवडाभर तो तिच्या बाळाला, प्रतापला, सोडून एका उघड्यावाघड्या मदरबोर्डाला वारा घालत होता.

हा बोर्ड तिच्या नवऱ्याने, एकनाथने, कारखान्याच्या अडगळीतून आणला होता. बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात तो पाळीवर काम करी. बाजारात नवे पेंटियम कॉम्प्युटर आले होते, पण मोठ्या साहेबांचा हात खिशाकडे जाता जाता थबकत असे. तेव्हा एकनाथ बोलून बसला, "साहेब, ह्या जुन्या चारशे शहाऐंशीच्या बोर्डालाच पळवून दाखवतो." साहेब म्हणाले, "रविवारी घरी येऊन बघतो. तासभर न अडता पळाला, तर तुला कॉम्प्युटर खात्यात घेतो."

कॉम्प्युटर खातं म्हणजे जनरल शिफ्ट. म्हणजे रात्रपाळी बंद. चंद्रकांताला मेगाहर्ट्झशी काही देणंघेणं नव्हतं. पण वारा फिरून कारखान्यांचा वास घरात शिरला, की खिडकी लावली तर प्रताप गुदमरेल आणि उघडी ठेवली तर खोकेल, हा निकाल रात्रपाळीच्या दर रात्री तिला एकटीला लावावा लागे. मग ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत बसे. ह्या कामाला तिला जोडीदार हवा होता.

टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर बोर्ड. बोर्डावरच्या पिनांवर तांदळाएवढ्या टोप्या बसवलेल्या, त्यांना म्हणायचं जंपर. ते इकडचे तिकडे केले की प्रोसेसरचा वेग वाढायचा. जंपर खाली पडला की चंद्रकांता आधी प्रतापचं तोंड उघडून बघायची, मग फरशी.

वेग सहासष्ट मेगाहर्ट्झचा ऐंशी केला, की एकनाथ आकडेमोडीचा प्रोग्राम लावायचा. पडद्यावर आकडे भराभर धावायचे आणि मधेच जागच्या जागी गोठायचे.

"तापतोय हा," एकनाथ म्हणे. उष्णता खेचून घ्यायला फिटरकडून ॲल्युमिनियमचा एक दातेरी तुकडा कापून आणून त्याने तो प्रोसेसरच्या डोक्यावर रबराने बांधला होता, तरी तापतच होता.

"तुमचा मुलगाही तापतोय. घामोळं बघा त्याच्या मानेवर."

"रविवारपर्यंत कळ काढ गं. मग मी स्वतः वारा घालीन त्याला."

शुक्रवारी मुरबे गावची लाडकी कोळीण सुके बोंबील घेऊन आली. पाटी दारात टेकवून ती थेट टेबलाशी गेली.

"बाय, ह्यो काय गो? पोराच्या बापाने शेरच मांडलाय! ह्या इमारती, ह्ये रस्ते. कवडा देखना हाय!"

ह्याच लाडकीने मागे प्रतापला "गुटगुटीत हाय" म्हटलं होतं आणि संध्याकाळी त्याला ताप भरला होता. चंद्रकांता रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. दृष्ट लागते यावर तिचा विश्वास नव्हता. तिने फक्त निरीक्षण केलं होतं.

"उन्हात घालायचा ना थोडा," लाडकी जाता जाता म्हणाली. "आमच्या बोंबलावानी. दमट हवेचा सडंल नायतर."

त्या दुपारी बोर्ड सुरू होताच गोठला. वैतागून एकनाथने तो दातेरी तुकडा काढला, जंपर परत बदलले आणि सगळं तसंच टाकून रात्रपाळीला गेला.

सासूबाईंनी तुपात खलून पाठवलेल्या काजळाची डबी कपाटात होती. डोळ्यांत घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे ती जवळजवळ भरलेलीच होती. तीट लावायला असं कितीसं लागतं? चंद्रकांताने दाराची कडी लावली आणि प्रोसेसरच्या डोक्यावर मधोमध ठसठशीत तीट लावली. प्रोसेसर मोठा, तेव्हा तीटही मोठी.

सकाळी जागरणाने मिटत्या डोळ्यांनी एकनाथने तुकडा पुन्हा बांधला, बटण दाबलं, आणि बोर्ड धावत सुटला. चहा झाला, आंघोळ झाली, तरी आकडे धावतच होते.

"जंपरची कमाल!" एकनाथ ओरडला.

चंद्रकांताने डबी कपाटात आणखी मागे सरकवली. कमाल कोणाचीही असो.

पण एकनाथचा टापटिपीचा सोस आडवा आला. रविवारी साहेब येण्याआधी त्याने सगळा बोर्ड सुटा करून स्पिरिटने लख्ख पुसला. जोडला. सुरू केला. गोठला. पुन्हा सुरू केला. पुन्हा गोठला.

"काल तर पळत होता!" त्याला घाम फुटला.

"अहो, काय काय पुसलंत?"

"सगळं. प्रोसेसरवर कसला तरी काळा चिकटा होता, तोही खरवडला."

चंद्रकांताने प्रतापला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "चिकटा नव्हता तो. तीट होती."

"कसली?"

"प्रतापला लावते ती."

"प्रोसेसरला? तू बी.एस्सी. ना गं?"

"म्हणूनच पिनांपासून लांब लावली. काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज जाते, एवढं कळतं मला."

एकनाथ आधी तिच्याकडे बघत राहिला, मग हातातल्या तुकड्याच्या ओबडधोबड तळाकडे. "दोघांच्या मधे हवा राहते... ती अडवते उष्णता... तुपाने ती फट भरली!" आणि एकदम, "चंद्रा, डबी आण!"

"म्हणजे दृष्ट नव्हती?"

"दृष्ट असो की हवा, डबी आण आधी!"

त्याने बोटाने डबी निपटून सगळं काजळ प्रोसेसरवर सारवलं, तोच साहेबांची जीप वाजली.

तासभर साहेब खुर्चीत आणि चंद्रकांता दाराच्या चौकटीला टेकून. आकडे जरा अडखळले असं वाटलं की तिचा श्वास अडकायचा. मध्येच साहेबांनी हवा हुंगली.

"वहिनी, तूप तापतंय का? शिरा वगैरे करताय?"

"हो," चंद्रकांता म्हणाली, आणि नाइलाजाने आत जाऊन रवा भाजायला लागली.

ती बशी घेऊन बाहेर आली तेव्हा साहेब उठून उभे होते आणि आकडे अजून धावत होते.

"शाब्बास! पुढच्या महिन्यापासून जनरलला ये." मग बशी घेता घेता त्यांनी प्रतापच्या गालाला हात लावला. "आणि काय हो हा पठ्ठ्या! अगदी गुटगुटीत!"

चंद्रकांता कपाटाकडे धावली. डबी कोरडी ठणठणीत होती. ती तशीच परत आली, तिने एकनाथचं काळं बोट साहेबांदेखत धरलं आणि प्रतापच्या कानामागे टेकवलं. मग टेबलफॅनचं तोंड बाळाकडे वळवलं.