बोटांनी पुसलेलं गाव

“बाई, नकाशातलं आपलं गाव कुठे गेलं?”

मित्रांनो, हा प्रश्न आठवीतल्या टकळीचा. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, “हिंमत असेल तर विचार, नाहीतर आठवडाभर तोंडाला कुलूप!” आठवडाभर गप्प? त्यापेक्षा ती उपाशी राहिली असती. ताडकन उठली आणि थेट माझ्याकडे बोट दाखवून मोकळी झाली.

मी त्या वर्गाच्या भिंतीवर लटकणारा, आपल्या देशाचा जुना नकाशा. छापखान्यात आधी माझ्या अंगावर समुद्र आला, मग रानं, मग डोंगर आणि शेवटी काळ्या शाईत गावांची नावं. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडे. काय रुबाब होता म्हणून सांगू! खालच्या कोपऱ्यात प्रवाशांसाठी एक चौकट होती. देश केवढा, माणसं किती, कुठून कुठे जायला किती तास, सगळं त्यात. जनगणना झाली की भूगोलाच्या बाई जुन्या लोकसंख्येवर नव्या आकड्याची चिठ्ठी डकवायच्या. अशा तीन चिठ्ठ्या माझ्या अंगावर आहेत. वाढता तुम्ही आणि जाड होतो मी!

बाईंची एक पद्धत होती. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने पुढे येऊन आपल्या गावावर बोट ठेवायचं. “आधी घर सापडू दे, मग जग शोधा,” त्या म्हणायच्या. शाईची बोटं, घामाची बोटं, नुकताच खाऊ खाल्लेली चिकट बोटं. तीस वर्षांत त्या बोटांनी गाव पार पुसून टाकलं. बाईंच्या हाताला मात्र जागा पाठ. त्यांची छडी न बघताच तिथे पडायची, त्यामुळे ठिपका गेल्याचं त्यांना कळलंच नाही.

टकळीच्या प्रश्नावर वर्ग खो खो हसला. बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. “अगं बाई, खरंच की! मग मी इतके दिवस छडी कशावर ठेवत होते?”

हसणं ऐकून मुख्याध्यापक आत आले. त्यांनी ती पांढरी जागा पाहिली. “स्वतःचंच गाव नसलेला नकाशा? शनिवारी रद्दीवाला येतोय. देऊन टाका.”

टकळीचा चेहरा खर्रकन उतरला. पैज जिंकली, पण माझा निकाल लागला. मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्यापुढे उभी राहिली. “सॉरी हं, आजोबा. माझ्या जिभेला हाडच नाही.”

आजोबा! मला नात्याने हाक मारणारी ती पहिलीच. मी तिथल्या तिथे विरघळलो.

मग ती नाक लावून मला वाचू लागली. वाचता वाचता थेट एका टोकाला, समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटापाशी थबकली. तिथली शाई अजून कोरी करकरीत होती. चौकटीत तिने शोधलं: ‘वस्ती नऊशे बारा. शेवटच्या स्टेशनापासून मोटारीने चार तास, पुढे बोटीने पाच. बोट आठवड्यातून तीनदा. बोटीवर गार वारा; गरम कपडे सोबत असावेत.’

तेवढ्यात बाई वर्गात आल्या. “बाई, इथे कुणीच बोट ठेवलं नाही?” टकळीने विचारलं.

“मी कधी सांगितलंच नाही गं,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि गेलेही नाही.”

शनिवारी रद्दीवाल्याच्या आधी टकळी मुख्याध्यापकांच्या दारात हजर. “सर, हा नकाशा मला द्या.”

“रद्दीचं काय करणार आहेस?”

“रद्दी कुठे, सर? एक ठिपकाच तर गेलाय!”

मागे उभ्या असलेल्या बाई चक्क हसल्या. “ने बाई!” म्हणत सरांनी हात झटकले. मी टकळीच्या खांद्यावर बसून घरी निघालो.

तिची आई शिवणकाम करते. तिने माझ्या फाटक्या कडांना जाड कापडाची पट्टी शिवली. “गाव काढ की पेनाने,” ती म्हणाली.

“कशाला? आपण राहतोच तिथे. चुकणार थोडेच!”

मग टकळीने कुठून तरी नंबर मिळवून बेटाच्या धक्क्यावर फोन लावला. बोट अजूनही तीनदाच सुटते, पण आता दोन तासांत पोचवते. वस्ती आठशे सत्तर. तिने बाईंसारखीच चिठ्ठी लिहिली आणि डिंकाने डकवली. म्हातारपणी नवी खबर अंगावर मिरवायला काय मजा येते, म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या वर्गात असा कुणी म्हातारा लटकत असेल, तर त्याच्या कोपऱ्यांवरही एकदा बोट ठेवा. हात धुऊन, बरं का!

परवा जेवताना टकळीने जाहीर केलं, “सुट्टीत मी मावशीकडे जाणार नाही. आपण बेटावर जातोय.”

तिचे बाबा बस चालवतात, वीस वर्षं एकाच रस्त्यावर. घास हातातच राहिला. “मला विचारलंस?”

“विचारत नाहीये, बाबा. कळवतेय.”

“आणि हे एवढं भेंडोळं कशाला? मोबाईलमध्ये नकाशा असतो की!”

“तो सगळीकडे फिरलाय. हे आजोबा जन्मभर भिंतीवर होते.” तिने मला उचलून दाराशी उभं केलं. “आई, तू गरम कपडे काढ. बाबा, तुम्ही रजा काढा. आजोबांना मी घेते.”