नाकारलेली म्हैस

"मशीन चांगलं होतं," पंकजामॅडम म्हणाल्या आणि दगडी ड्रॅगनच्या पोटाखाली भिंग धरूनच नजर पुढे सरकवली.

त्या आपल्या भिंगाबद्दल बोलताहेत असं कानिफनाथला वाटलं. त्यानं मान डोलावली. पुण्याहून आलेल्या माणसाच्या वस्तूचं कौतुक करायला आपल्या बापाचं काय जातं?

"कोरायचं मशीन," त्यांनी खुलासा केला. "विजेवरचं. ही रेघ पाहा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रुंदीची, कडा सरळ. जुना कारागीर ओली वाळू लावून महिनोन्महिने दगड घासायचा. हात थकला की रेघ हलायची, भोकाच्या आत खरखर राहायची. इथं कुणी थकलेलंच दिसत नाही."

"चिनी राजाचं काम हाय ते मॅडम," कानिफनाथ समजुतीच्या सुरात म्हणाला. "राजापुढं थकून चालतंय व्हय?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी वस्तू उचलली.

नेवाशातल्या डॉक्टर चांदेकरांच्या बंगल्यात चिनी जेडच्या एक्केचाळीस कोरीव वस्तू होत्या. डॉक्टरांची उमर जहाजावर गेली. हाँगकाँगच्या बाजारातून एकेक वस्तू त्यांनी कोटाच्या खिशातून आणली, निवृत्तीनंतर पुढच्या दोन खोल्यांचं संग्रहालय केलं आणि बारावी पास कानिफनाथला झाडलोटीला ठेवलं. गाव त्याला दगडांचा बंगला म्हणे. मंदिरात दर्शन झालं आणि एसटीला अवकाश असला की भाविक इकडेही डोकावत. चपला काढायची सवय झालेलीच असे.

डॉक्टरांनी त्याला शिकवलं. दगड गालाला लावायचा, गारवा किती वेळ टिकतो ते बघायचं. मागून बॅटरी मारायची. मग नखानं रेघ तपासायची. 'आपली वस्तू डोळ्यांत भरून ठेव. जे तिच्यासारखं नाही ते खोटं.' कानिफनाथनं भरून ठेवली. चौऱ्याण्णव साली डॉक्टरांनी स्वतः पारख करणं सोडलं. कुणी वस्तू घेऊन आलं की ते आरामखुर्चीतूनच सांगत, "कानिफला दाखवा. आता डोळा त्याचा." त्या दिवशी कानिफनाथनं घरी पेढे नेले होते.

पुढं शिर्डीचे हॉटेलवाले, नगरचे साहेबलोक, कोपरगावचे बागायतदार पिशवीत काहीबाही गुंडाळून येऊ लागले. बहुतेक हसरे बुद्ध असत आणि बहुतेक प्लास्टिकचे असत, त्यामुळं कानिफनाथचा निकाल सहसा चुकत नसे. प्रत्येक वस्तूचा फोटो तो वहीत चिकटवी आणि खाली कारण लिही. तीस वर्षांत एकही वस्तू मंजूर झाली नव्हती. एवढा कडक निकाल बोर्डानंही कधी लावला नसेल.

आता डॉक्टर जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीला, सीमाताईंना, संग्रह पुण्याच्या एका संस्थेला द्यायचा होता. त्यासाठी तज्ज्ञाचा कागद लागत होता, म्हणून पंकजामॅडम आल्या होत्या. दुपारपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वस्तू टेबलावर एका बाजूला जमल्या. दुसरी बाजू रिकामीच राहिली. सगळं काम साठ-सत्तर वर्षांच्या आतलं, मॅडम म्हणाल्या, आणि निम्म्या वस्तू तर जेडच्यासुद्धा नव्हेत.

खरेदीची काही कागदपत्रं आहेत का, असं त्यांनी विचारलं. सीमाताईंनी वडिलांच्या कपाटातली फाईल न उघडताच पुढं केली. तिच्यात लंडनच्या कुणा जाणकाराचं चौऱ्याण्णवचं इंग्रजी पत्र होतं. डॉक्टरांनी त्याला फोटो आणि दोन वस्तू पाठवल्या होत्या. मॅडमनी पत्र मनात वाचलं, मग मराठीत सांगितलं. सकाळपासून त्या जे बोलत होत्या, तेच तो माणूस तीस वर्षांपूर्वी बोलला होता. फक्त जास्त नम्रपणे.

समासात डॉक्टरांचं अक्षर होतं. ते वाचायला कानिफनाथला कुणाची गरज नव्हती. 'कानिफला सांगू नये.'

"बाबांनी मला तरी सांगायचं," सीमाताई पुटपुटल्या आणि फोन घेऊन अंगणात गेल्या. पुण्याला कळवायला हवं होतं.

कानिफनाथ पत्रावरची तारीख पाहत राहिला. पेढे त्याच महिन्यातले होते.

मॅडमनी समोरची कानिफनाथची वही चाळायला घेतली. हसरे बुद्ध भराभर मागं पडले. मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. बसलेली म्हैस, मान वळवलेली, मुठीत मावेल एवढी. खाली कानिफनाथचं वळणदार अक्षर: 'रेघ हललेली. भोकात खरखर. नाकारले.'

"ही कुठं आहे?"

"खरी हाय का ती?"

"फोटोवरून खरी म्हणणार नाही. पण खोटी तर मुळीच म्हटली नसती."

म्हैस कुकाण्याच्या साळूबाईंची होती. दोन हजार आठ साली त्या ती पदरात बांधून आल्या होत्या. त्यांचे वडील पुंजाराम हवालदार दुसरं महायुद्ध संपल्यावर हाँगकाँगला पलटणीत होते. तिथल्या एका उपाशी म्हातारीला रोज आपला भात दिला, निघताना तिनं ही घरातली जुनी वस्तू हातावर ठेवली, असं ते सांगत. पुंजारामाला चिनी सासूनं म्हैस आंदण दिली, असं गाव सांगे. साळूबाईंना ती विकायची नव्हती. बाप खरं बोलत होता का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्या आधी डॉक्टरांकडंच गेल्या होत्या. डॉक्टरांनी म्हैस दोन्ही हातांत बराच वेळ धरली. मग म्हणाले, "कानिफ सांगेल." कानिफनाथनं सांगितलं. डॉक्टर शेजारी बसून चहा पीत होते. बशीतला चहासुद्धा त्यांनी संपवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ मोटारसायकलवर कुकाण्याला गेला. साळूबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडली होती, पण त्यांनी त्याला लगेच ओळखलं. निकाल देणाऱ्याला माणूस विसरत नाही.

त्यानं पत्राचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. मग म्हशीचं विचारलं.

"ती व्हय? तुमी खोटी म्हनल्यावर घरात कशाला ठिवायची? त्या सालच्या पोळ्याला मातीच्या बैलांत मांडली. दुसऱ्या दिवशी बैल पाटात सोडले, त्यांच्यासंगं तीबी सोडली. पाटाला लई पानी हुतं."

मातीचे बैल विरघळले असतील. दगड नाही, असं कानिफनाथच्या मनात आलं.

"म्हंजी खरी हुती का ती?" साळूबाईंनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. म्हातारीचा जीव थंडावला असता, आणि पाटाच्या तळाशी भिंग घेऊन कुणी जाणार नव्हतं. येताना वाटेत त्यानं तेच ठरवलं होतं. पण न बघता निकाल द्यायचा म्हटल्यावर त्याला आरामखुर्ची दिसली.

"मला ओळखता येत न्हाई, आक्का," तो म्हणाला. "तवाबी येत नव्हतं. मॅडम म्हनत्यात, खोटी म्हनायला कायबी आधार नव्हता."

साळूबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"येवढंच तवा बोलला असता तर," त्या म्हणाल्या. "भावकीत मीच सांगितलं, आमचा बाप थापा मारत हुता म्हनून. मीच."

त्या भिंतीला हात देत उठल्या आणि आत गेल्या. बाहेरूनही खोली दिसत होती. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते. साळूबाईंनी गोधड्या बाजूला करून पेटी उघडली, तळातून एक फ्रेम काढली आणि पदरानं काच पुसत बाहेर आल्या. गणवेशातला सडपातळ माणूस, छायाचित्रकारानं सांगितलं असेल तेवढाच ताठ.

"मला नगं सांगू. ह्यास्नी सांग."

कानिफनाथनं डोक्यावरची टोपी काढली. फोटोला काय म्हणून हाक मारावी ते त्याला कळेना. शेवटी 'हवालदारसाहेब' म्हणाला, आणि मघाचंच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणाला.

साळूबाईंनी पूर्ण ऐकलं. मग भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारची जागा नजरेनं चाचपली. तिथं खिळा नव्हता. त्या पुन्हा उंबऱ्यात बसल्या, फ्रेम मांडीवर उभी धरली, फोटोचं तोंड रस्त्याकडं करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. शेंगांचं सूप त्यांनी पायानं थोडं बाजूला सारलं.