रुमालबाबा आणि न आलेले डबे

लातूरच्या स्टँडवर शनिवारी रुमालबाबाभोवती ही गर्दी! भूकंपाला पाच वर्षं झाली होती, गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते, आणि शिकलेली माणसंही या बाबापुढे चपला काढून उभी राहत. बाबा डोळे मिटायचा, अंग घुसळायचा आणि ओरडायचा, "उदगीर! आज उदगीरची गाडी भरनार!" संध्याकाळी ती गाडी खरंच चेंगरून जायची.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली रीत. बाबानं तिलाच अंगारा फासला. "भरत्या गाडीत माझा रुमाल टाका, हरवलेलं मानूस त्या जागंवर यिऊन बसंल!"

साखराबाईंचा मुलगा वीरभद्र भूकंपात गेला, प्रेत सापडलं नाही. दर शनिवारी त्या रुमाल टाकत आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहत. नांदेडकडच्या उमरीला दिलेली लेक दीपमाला त्यांना न्यायला येई आणि एकटीच परत जाई. "मी गेले अन् त्यो आला तर?" साखराबाई म्हणत.

मी क्लासमध्ये गणित शिकवायचो, खोलीवर एकटाच राहायचो. गावोगावच्या आया पोरांना एसटीनं डबे पाठवत; मला पाठवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून दुसऱ्यांचे डबे उतरताना बघत बसायचो. बघताबघता ध्यानात आलं. गावात जत्रा असली की पोरं संध्याकाळच्या गाडीनं घरीच जेवायला जातात, म्हणून त्या सकाळी त्या गावचे डबे येत नाहीत. बाबाची बैठक डबे उतरायच्या कट्ट्याला लागूनच होती. लबाडाचं गणित पक्कं होतं!

पुढच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी उदगीरच्या पोरांना म्हणालो, "घरी जाऊ नका आणि डबाही मागवू नका. माझ्यासोबत मेसमध्ये जेवा."

शनिवारी सकाळी बाबानं कट्ट्याकडे तिरका डोळा टाकला, अंग घुसळलं. "उदगीर!"

संध्याकाळी साखराबाईंनी रुमाल टाकला. गाडीत दोन-चार म्हातारे चढले, बस्स. कंडक्टरनं रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. "आजी, आज कोनीच न्हाई."

"कोनीतरी विटाळ केला!" बाबा ओरडला. मी सगळ्यांना डब्यांची गोष्ट सांगितली. "कुठल्या गावची किती पोरं, गाव किती लांब, जत्रा कधी, एवढं मोजलं की कुठली गाडी भरणार ते कळतं. मोठ्या शहरांत कॉम्प्युटर हेच गणित हजारो रस्त्यांसाठी करतात. त्यांच्या अंगात येत नाही!"

लोक हसले. बाबा चपला शोधू लागला.

साखराबाई मात्र हसल्या नाहीत. "सर, तुमच्या गणितात माझा वीरभद्र कोन्च्या गाडीत हाय?"

"मावशी, गणित गर्दी सांगतं, एकटं माणूस सांगत नाही. तो कुठल्याच गाडीत नाही."

त्या खाली बसून रडल्या. "इतके दिवस कोनी असं सांगितलंच न्हाई की रं," म्हणाल्या. न्यायला आलेली दीपमाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

नांदेडची गाडी लागली. साखराबाईंनी खिडकीतून रुमाल टाकला, आणि लेकीचा हात धरून त्या जागेवर स्वतःच जाऊन बसल्या.

गाडी गेली. फलाटावर मी आणि रिकामे डबे उरलो.

गेलेलं माणूस परत आणतो असं कुणी म्हणालं, तर पाया पडण्याआधी त्याला विचारा, "तू मोजलंस काय?" आणि जागा धरायचीच असेल, तर खिडकीखाली जे अजून जिवंत उभं आहे त्याच्यासाठी धरा.