रविवारची उरलेली कहाणी

"कहाणी सांगितल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, आणि समोर कुणी मुठीत अक्षता घेऊन बसल्याशिवाय कहाणी सुरू करायची नाही," असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या रविवारी अनसूयाबाईंच्या मिरजेतल्या स्वयंपाकघराचं मागचं दार जॉर्जियातल्या स्वीटगम गावात उघडलं, तेव्हा त्यांना पहिली काळजी लागली ती हीच, की इथे ऐकायला कोण बसणार?

त्यांनी पुढचं दारही उघडून पाहिलं. तिकडेही स्वीटगमच होतं.

गाव ओळखीचं होतं. शरयूवन्सं दुपारी मोठ्यानं वाचून दाखवायच्या, ते हेच. वन्सं म्हणजे त्यांची नणंद, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. अनसूयाबाईंचे यजमान गेल्यापासून घरात दोघीच. वन्संना अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या छोट्या गावांतल्या खुनांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. त्यांत खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. बेकरीवाली, पाद्री आणि एखादं मांजर मिळून खुनी शोधतात आणि मधून मधून काहीतरी गोड खातात. वन्संची नजर इंग्रजीवर असायची आणि तोंडातून मराठी यायचं. शेरीफला त्या फौजदार म्हणायच्या, पोर्चला ओटा. वर्णन आलं की "इथे झाडं आहेत बरं का" एवढं सांगून पान उलटायच्या.

दोघींचं ठरलेलं होतं. रविवारी वन्सं अक्षता घेऊन कहाणी ऐकायच्या, मग अनसूयाबाई शेंगा सोलत खून ऐकायच्या. "आधी तुझा सूर्य, वहिनी, मग माझा खून."

श्रावणातल्या पहिल्या रविवारी कहाणी अर्ध्यावर आली होती. कहाणीतली बाई सगळं गमावून नदीकाठी पोचली होती आणि नावाड्याला काही म्हणणार होती, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "थांब गं वहिनी, छातीत कसंतरीच होतंय." शेजाऱ्यांनी गाडी आणली. जिना उतरताना त्यांनी मिटलेली मूठ वर करून दाखवली.

"उरलेली मलाच सांगायची हं. दुसऱ्या कुणाला नाही. अक्षता सांडत नाही मी."

"बरं," अनसूयाबाई म्हणाल्या.

वन्सं घरी परत आल्या त्या पांढऱ्या कापडात. मूठ शेवटपर्यंत उघडली नाही, असं घाटावर गेलेले लोक सांगत होते. अनसूयाबाई घाटावर गेल्या नव्हत्या.

सुतक फिटल्यानंतरचा हा पहिला रविवार. त्या न्हाल्या, सोवळं नेसल्या, खीर केली, वाटीत कुंकू लावलेले तांदूळ घेतले आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. व्रत एकदाही मोडलं नव्हतं; कहाणी अर्धी राहिली त्या रविवारीही त्यांनी घास घेतला नव्हता. सूर्य मावळण्याआधी ऐकणारं माणूस मिळालं नाही, तर ते आज मोडणार होतं. दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता. पण ज्या माणसाला शब्द दिला ते माणूसच नदीला गेलं, तेव्हा शब्दही त्याच्याबरोबर गेला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

स्वीटगमला आभाळ नव्हतं. वन्संनी ते कधी वाचलंच नव्हतं. झाडं होती, पण त्यांना पानं नव्हती. उजेड यायचा तो अनसूयाबाईंच्याच स्वयंपाकघरातून. तिथल्या खिडकीतून पडलेला उन्हाचा कवडसा फरशीवर शेगडीपाशी होता. तो उंबऱ्यापर्यंत आला की दिवस संपला, हे त्यांना ठाऊक होतं.

समोर बेकरी होती. मिस लोरेटा पिठाचे हात एप्रनला पुसत बाहेर आली. गोरी, ठेंगणी, गोल चष्म्याची. बोलली मात्र वन्संच्या तोंडचं.

"अगं बाई गं, आलीस होय! बस. पीचचा पाय, म्हणजे फळं भरलेली गोड पोळीच गं, आत्ताच भट्टीतून काढलाय."

"आज माझा उपास आहे."

"मग अर्धाच खा."

"मला कहाणी सांगायची आहे. जरा ऐकता का?"

"खुनाची?"

"नाही. सूर्यनारायणाची."

"त्यात मरतं कोण?"

"कुणीच नाही. एकीचं सगळं जातं, मग परत मिळतं."

"कुणी आणून दिलं?"

"कुणी नाही. तिनं कहाणी मनोभावे ऐकली म्हणून मिळालं."

लोरेटानं चष्म्यावरून पाहिलं. "आणि पुरावा?"

अनसूयाबाईंना हसू आलं. अगदी असंच वन्सं विचारायच्या. त्यांनी घरातला पाट आणून मांडला, लोरेटाला बसवलं, तिच्या पिठाळ तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि सुरुवात केली. आटपाट नगर होतं. तिथे एक बाई होती. तिचं घर गेलं, गाय गेली, माणसं गेली. चालत चालत ती नदीकाठी आली आणि नावाड्याला म्हणाली...

वाचनालयाची घंटा वाजली.

"मेलं माझंच बोलावणं," म्हणत लोरेटा उठली. "मूठ उघडायची पाळी माझी."

"कुणाची मूठ?"

"मयताची. तुला नाही माहीत? कमाल आहे बुवा! वाचनालयात एक बाई मरून पडलीय. अंगावर गोधडी आहे, मूठ घट्ट मिटलेली. फौजदार म्हणतात, ज्याच्या हातानं मूठ उघडेल तोच खुनी."

ती गेली आणि टाळ्या वाजवतच परत आली. "नाही उघडली! सुटले गं बाई!" तिनं अनसूयाबाईंचा गालगुच्चा घेतला, दुकानात शिरली आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर दुकान नव्हतं. दुकान होतं त्या जागी शेजारची भिंत सरकून आली. रस्त्यावर अक्षता सांडल्या होत्या. पायाखाली येऊ नयेत म्हणून अनसूयाबाईंनी एक एक दाणा वेचून वाटीत टाकला.

कवडसा पाट्यावरवंट्यापाशी आला होता.

पाद्री हार्लन चर्चच्या पायरीवर मांडीवर मांजर घेऊन बसला होता. चर्चला शिखर नव्हतं. वन्संना त्याचा मराठी शब्द आठवला नव्हता.

"मी दर रविवारी सांगतो," पाद्री म्हणाला. "मला कुणी सांगत नाही. सांगा, सांगा."

त्यानं हात पुढे केला. मांजरानंही पंजा पुढे केला. अनसूयाबाईंनी दोघांच्या हातावर अक्षता ठेवल्या. पाद्री चांगला ऐकणारा निघाला. गाय गेली तिथे त्यानं हळहळ केली. मांजरानं मात्र दाणा हुंगला आणि तोंड फिरवलं. "त्याला मासा घातलेली कहाणी लागते," पाद्री म्हणाला.

"ती नदीकाठी आली," अनसूयाबाई जरा घाईनं म्हणाल्या, "आणि नावाड्याला म्हणाली..."

घंटा वाजली.

"एवढं ऐकून जा हो. थोडीच राहिली."

"आल्यावर ऐकतो," तो म्हणाला.

अनसूयाबाई वाटी घेऊन पायरीवरच थांबल्या. तो परत आला तेव्हा चेहरा उजळला होता. "निर्दोष! काय मूठ आहे पण ती, देवा! बोटांच्या फटीतून एक तांदळाचा दाणा डोकावतोय. तांबडा. फौजदार म्हणतात, रक्त लागलंय."

"रक्त नसेल ते," अनसूयाबाई म्हणाल्या. पण तो मांजराला घेऊन चर्चमध्ये शिरला आणि चर्च गेलं.

मग एक एक करत सगळेच सुटले. टपालवाला सुटला, न्हावी सुटला, मेयरची विधवा बहीण सुटली. प्रत्येकाच्या तळव्यावर अनसूयाबाईंनी अक्षता ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकाला नदीकाठावरूनच उठावं लागलं होतं. जो सुटेल त्याचं घर मिटायचं आणि रस्ता तेवढा आखूड व्हायचा. शेवटी एका बाजूला त्यांचं स्वयंपाकघर राहिलं, दुसऱ्या बाजूला वाचनालय. मधलं अंतर घरातल्या बोळाएवढं उरलं.

वाचनालयाच्या ओट्यावर फौजदार उभे होते. टोपी हातात होती.

"नाव?"

"अनसूया खरवंडीकर."

"संशयित की शेजारी?"

"शेजारीण म्हणा."

"कुणाची?"

अनसूयाबाईंनी मागे पाहिलं. सांगण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

"फौजदारसाहेब, तुम्ही तरी कहाणी ऐकाल का?"

"ड्यूटीवर कहाणी ऐकत नाही. शिवाय मलाही मूठ उघडून बघायची आहे. नियम म्हणजे नियम." ते आत गेले आणि बाहेर आले. "मीही सुटलो. आता तुम्हीच राहिलात, बाई."

"मी सोवळ्यात आहे. मयताला शिवता येत नाही मला. व्रत मोडेल."

"मग नका शिवू. घरी जा, जेवा. गाव मिटेल आपोआप."

"आणि ती आतली बाई?"

"ती कुणाचीच नाही," फौजदार म्हणाले. "आम्ही सगळे मूठच बघत होतो. तोंडावरची गोधडी कुणी बाजूला केली नाही. पुस्तकात मयताला एवढंच काम असतं."

"म्हणजे तिच्याजवळ कुणी बसलंसुद्धा नाही?"

"कशाला बसायचं? ती बोलते थोडीच." मग काही आठवल्यासारखं त्यांनी कपाळ खाजवलं. "एक मात्र आहे. बाकीची मयतं आडवी असतात. ही बसलीय. मांडी घालून."

अनसूयाबाईंनी वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. सबंध दिवस त्या गावभर ऐकणारा शोधत फिरल्या होत्या आणि सोवळं सांभाळत या एका दारापासून चार हात लांब राहिल्या होत्या.

"मूठ माझ्या हातानं उघडली तर?" त्यांनी विचारलं.

"तर खुनी तुम्ही. तिथेच पुस्तक संपतं."

"बरं," अनसूयाबाई म्हणाल्या.

फौजदारांनी टोपी घातली आणि तेही मिटले. टोपी तेवढी ओट्यावर राहिली.

त्या स्वयंपाकघरात परत आल्या. कवडसा उंबऱ्याला टेकला होता. खिरीवर साय धरली होती. ताटाशेजारी दुसरं ताट त्यांनी सवयीनंच मांडलं होतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं. भूक लागली होती. खुर्चीवर बसून चार घास खाल्ले असते, तर पाहायला कुणी नव्हतं. त्यांनी ताटावर ताट उपडं घातलं. फळीवरून वन्संचं पुस्तक काढलं. मधे खूण म्हणून वन्संनी लोकरीच्या धाग्याचं तुटकं टोक घातलेलं होतं, ते तसंच राहू दिलं. पुस्तक काखेत, एक पाट हातात, वाटी दुसऱ्या हातात. डोक्यावरचा पदर दातांत धरला.

उंबऱ्यावर त्या क्षणभर थांबल्या. मिटलेल्या गावातून आता एकच आवाज येत होता, कुणीतरी घसा खाकरून सरसावून बसल्याचा. कवडशाचं शेवटचं बोट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर होतं. तो अंगठा त्यांनी उचलला आणि पलीकडे टेकवला.

मागे दार राहिलं नाही. पुढे वाचनालयात, गोधडीच्या कडेखालून, मूठ बाहेर आली होती. गुडघ्यावर टेकलेली, अंगठा वर, आणि फटीत तो तांबडा दाणा. पदर दातांतून सोडून अनसूयाबाई चालू लागल्या आणि चालता चालताच, हलक्या आवाजात, जिथे तुटलं होतं तिथून त्यांनी धरलं, "तर वन्सं, ती नावाड्याला म्हणाली..."