माल परत करण्याचं कारण

आमच्या घरात मोबाइलवरून वस्तू मागवायचं काम माझं. माझे यजमान देवराव यांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि तेव्हा त्या अ‍ॅपमधलं सगळं इंग्रजीतच असायचं. मी अंगणवाडी सेविका. बारावी झालेली, शिवाय रजिस्टरं भरून भरून हात बसलेला, त्यामुळे मला तेवढं जमायचं. घाटंजीच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार टिनांचं शेड. जो पार्ट यवतमाळला मिळाला नाही तो ते मला सांगायचे, मी मोबाइलवर शोधायची, आणि चित्र दिसलं की ते माझ्या खांद्यावरून डोकावत ‘हाच, हाच’ म्हणायचे. चित्राच्या खाली काय लिहिलंय ते मात्र मी सांगेन तेच खरं. या भरवशाचं मी काय केलं ते सांगायला बसले आहे.

लग्नसराईत देवराव जफरभाईंच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. वीस वर्षं पुढच्या रांगेत. लग्नं काय, पोटासाठी. त्यांचा खरा सण म्हणजे चौदा एप्रिल. जयंतीच्या मिरवणुकीत बँड पुढे आणि बँडच्या पुढे ते. चौकात पुतळ्यासमोर मिरवणूक थांबते, एक गाणं होतं आणि त्याच्या शेवटी ट्रम्पेट एकटीच एक वरचा सूर धरते. तेवढा वेळ सगळी वस्ती गप्प असते. तो सूर देवरावांचा. जयंतीच्या आदल्या आठवड्यापासून ते आंबट खात नाहीत, भांडत नाहीत आणि माझं ऐकतही नाहीत.

दोन हजार सतरा साली कापसाच्या बोंडात गुलाबी अळी शिरली. फवारणीनं माणसं दवाखान्यात गेली, त्यातली काही घरी परत आली नाहीत. गावोगावची लग्नं पुढं ढकलली गेली, झाली ती घरच्या घरी. गाड्या बिघडल्या तरी लोक दुरुस्तीला आणेनात, ढकलत न्यायचे. आमचंही तसंच चाललं होतं, पण आमचं रडगाणं इथं नको.

त्याच साली देवरावांचा माऊथपीस पार गेला. माऊथपीस म्हणजे ट्रम्पेटला जिथं ओठ लावतात तो छोटा पितळी तुकडा. वीस वर्षांत त्याच्यावरचा चांदीचा मुलामा उडाला होता, कड घासून वाकडी झाली होती. एक लग्न वाजवून आले की खालच्या ओठाला फोड यायचा आणि मला दोन दिवस बिनतिखटाची भाजी करावी लागायची. दिवाळीनंतर त्यांनी माझ्या हातात पैसे ठेवले. एका गिऱ्हाईकाच्या गाडीच्या क्लच प्लेटा आणि त्यांचा माऊथपीस, दोन्ही त्यात बसत होतं. माऊथपीसचं चित्र त्यांनी एवढा वेळ पाहिलं की मी शेवटी मोबाइल ओढून घेतला.

दोन्ही वस्तू मी कार्टमध्ये टाकल्या. आणि खाली ते पुस्तक दिसलं. एका बाईची आत्मकथा, दोन जाड भाग. नाव सांगत नाही, पुस्तकाचा काही दोष नाही. यवतमाळच्या ट्रेनिंगमध्ये आमच्या सुपरवायझर दीपा मॅडमच्या हातात मी ते पाहिलं होतं, चहाच्या सुट्टीत वीस पानं वाचली होती, आणि एकविसाव्या पानावर ट्रेनिंग पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून ती बाई पुढं काय करते हे मला कळत नव्हतं. परीक्षेचं पुस्तक असतं तर निदान सांगायला तोंड तरी राहिलं असतं. ते फक्त मला हवं होतं. मी माऊथपीस कार्टमधून काढला आणि पुस्तक घातलं. काढताना मोबाइलनं विचारलं होतं, नक्की ना? मी नक्की म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की माऊथपीसचा स्टॉक संपला आहे, आला की मागवू. उरलेल्या पैशांचं त्यांनी विचारलंच नाही. ते माझ्याजवळ असले म्हणजे झालं, असा हिशेब.

पुस्तक आलं तेव्हा ते दुकानात होते. दीपा मॅडमनं वाचायला दिलंय, असं मी सांगितलं. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप जिभेवर येतं, त्याला काही अक्कल लागत नाही. पण त्यानंतर जे झालं त्यानं मला खाल्लं. देवरावांचे हात कायम ग्रीसनं काळे. माझं पुस्तक खाटेवर पडलेलं दिसलं की ते आधी हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे आणि मग दोन बोटांनी उचलून फळीवर ठेवायचे. लोकाचं पुस्तक हाय, डाग नको पडाले, म्हणायचे. मी वाचत बसले की स्वतः चहा करायचे. आणि चार-आठ दिवसांनी हळूच विचारायचे, “आला काय वं स्टॉक?”

मी मोबाइल उघडून पाहिल्यासारखं करायची आणि नाही म्हणायची. तो माऊथपीस तिथं रोज मला दिसत होता. त्या बाईची कथा मी दोन्ही भाग वाचून काढली, चांगलीच होती, पण मला ती सुखानं वाचता आली नाही.

फेब्रुवारीत फुलसावंगीला एक मोठं लग्न आलं. त्या हंगामातलं एकच म्हणावं असं. वरात दाराशी आली, देवरावांनी वरचा सूर घेतला आणि तो फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. नवरदेवाच्या मित्रांनी तोंडानं नक्कल केली. परत येताना गाडीत जफरभाई शांतपणे म्हणाले की पुढच्या वेळी अब्रार पुढं राहील, तू जरा मागं ये. अब्रार हा त्यांचा पुतण्या, तिशीचा, वाजवतो चांगला आणि माणूसही चांगला. त्याला नावं ठेवायला जागा नाही, नाहीतर मी ठेवली असती. जयंतीलाही तोच पुढं असणार, हे उघड होतं.

हे सगळं मला देवरावांनी नाही, जफरभाईंच्या घरून कळलं. त्यानंतर त्यांचं स्टॉकचं विचारणं बंद झालं. मग एका सकाळी ते ट्रम्पेट माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळताना दिसले. मी विचारलं, कुठं निघालात?

“अब्रारले देऊन टाकतो,” ते म्हणाले. “माहे ओठ गेले, नलू. वय झालं. त्या पीसची वाट पाहून काई फायदा नाही.”

मी गप्प बसले असते तर माझं खोटं कायमचं पचलं असतं, आणि त्यांचं वाजवणं संपलं असतं. मी दाराशी आडवी उभी राहिले.

“तुमचे ओठ नाही गेले,” मी म्हटलं. “पीस खराब हाय. अन् नवा मी मागवलाच नाही. स्टॉक होता. पह्यल्या दिवसापासून होता. त्या पैशाचं मी पुस्तक घेतलं.”

पुस्तकाचे दोन्ही भाग आणून मी त्यांच्यासमोर ठेवले. त्यांचा हात सवयीनं टॉवेलकडे गेला. मी वाट पाहत होते. ओरडले असते, दोन दिवस जेवले नसते, तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला.

“म्हंजे माहे ओठ शाबूत हायेत,” ते म्हणाले. आणि लुगडं सोडायला लागले.

त्याच दिवशी त्यांनी जफरभाईंना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी आख्ख्या घाटंजीला माहीत झालं की देवरावच्या बायकोनं पुस्तकापायी त्याचा बाजा बंद पाडला. मुलांना सोडायला येणाऱ्या बाया मला हसून विचारायच्या, मॅडम, आता कोणतं पुस्तक? मी ऐकून घेतलं. खरं सांगते, चार महिन्यांनी पहिल्यांदा जेवणाला चव लागली. दोष माझा होता आणि तो आता माझ्याच नावावर होता. जफरभाईंनीही शब्द दिला की पीस आला आणि सूर लागला, तर जयंतीला पुढं देवरावच.

माझ्या मानधनातून मी माऊथपीस मागवला. यवतमाळहून पार्सल घेऊन येणाऱ्या पूनमसिंगनं तो मार्चच्या शेवटी आणून दिला. देवरावांनी जफरभाईंना बोलावलं, मी चहा ठेवला. अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी खालचे सूर वाजवले. काय गोल, काय भरलेले सूर होते. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी वरचा घेतला आणि तो तिथंच फाटला, जिथं फुलसावंगीला फाटला होता.

जफरभाई चहाकडे पाहत म्हणाले, “नवा हाय. बसाले टाइम लागते.” आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

ते रोज दुपारी शेडमागे बसून वाजवायला लागले. माझी अंगणवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. सूर चढत चढत यायचा आणि त्याच जागी मोडायचा. माझ्यानं ते ऐकवेना. मी मुलांना मोठ्या आवाजात गाणी म्हणायला लावू लागले. तरी मुलं मध्येच थांबून कान द्यायची आणि मोडला की माझ्याकडे पाहायची.

मग मी एक गोष्ट केली. देवराव पार्ट आणायला यवतमाळला गेले होते तेव्हा अब्रारला घरी बोलावलं. म्हटलं, तुझ्या ट्रम्पेटला लावून हा पीस वाजवून पाहा. पीसमध्येच खोट निघावी अशी माझी फार इच्छा होती. अब्रारनं वाजवला. सूर सरळ वर गेला आणि तिथंच राहिला, स्वच्छ. त्यानं घाईघाईनं ट्रम्पेट खाली ठेवली, पीस पुसून डबीत घातला आणि म्हणाला, “काकू, मी वाजवला हे काकाले सांगू नोका.”

तो गेल्यावर मी डबी होती तिथं ठेवून दिली. माझ्या खोट्यानं त्यांचं चार महिने नुकसान केलं असं मी समजत होते. खरं तर त्या चार महिन्यांत त्यांच्याजवळ एक आशा होती, माऊथपीस आला की सगळं ठीक होईल ही. ती मीच खरं बोलून, पीस मागवून काढून घेतली होती. पुस्तकाची चूक मला पोटभर कबूल करता आली. याचं काय करायचं ते मला कळेना.

माल परत करायची मुदत दहा दिवसांची होती. नवव्या दिवशी देवरावांनी डबी माझ्यापुढं ठेवली.

“परत पाठव,” ते म्हणाले. “डुप्लिकेट निघाला.”

मी डबी उघडून पाहिली. माऊथपीसवर एक ओरखडा नव्हता. त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. मी मोबाइल उघडला. परत करण्याचं कारण निवडा, असं आलं आणि खाली यादी. मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. माप चुकीचं, उशिरा मिळाला, तुटून आला, आता गरज नाही, माल खराब आहे.

“आता गरज नाही” म्हणताना माझा आवाज बदलला, तो त्यांनाही ऐकू गेला असणार. ते पटकन म्हणाले, खराब हाय तेच लिव. मी त्यावर बोट ठेवलं.

दोन दिवसांनी पूनमसिंग माल न्यायला आला. नेमके तेव्हाच जफरभाई जयंतीचं ठरवायला आलेले होते, आणि देवराव अंगणात एका गाडीची चेन काढत बसले होते. परत घेताना माल तपासून लिहावं लागतं, म्हणून पूनमसिंगनं माऊथपीस उन्हात धरून इकडून तिकडून पाहिला.

“ताई, यात खराबी त काईच दिसून नाही राह्यली,” तो म्हणाला. “काय लिहू?”

देवरावांचा चेनवरचा हात थांबला. अंगणात तीन माणसं आणि तिघंही माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“वरचा सूर फाटते यात,” मी म्हटलं. “यांचा फाटला. मंग मी अब्रारले बोलावून वाजवाले लावला. त्याचाबी फाटला.”

देवरावांनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांच्या खांद्यांवर काय ओझं होतं ते मला ते उतरताना दिसलं. त्यांनी हात टॉवेलला पुसले आणि जफरभाईंना मोकळ्या आवाजात सांगितलं की यंदा काही नाही, पीसच धड मिळाला नाही, अब्रारले घ्या पुढं. मी मागं वाजवतो. जफरभाई म्हणाले, बरोबर हाय, कंपनीवाले फसवतेच. मग देवराव म्हणाले की अब्रारजवळ जाऊन येतो, त्या सुराची एक-दोन जागा त्याले दाखवून देतो, पोरगं घाबरलं नसावं. एवढी चेन बसवली की निघतोच.

पूनमसिंगनं मोबाइल पुढं करून बोटानं सही करायला सांगितली. मी केली. मग आत जाऊन चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, चपला घातल्या आणि मागच्या दारानं अब्रारच्या घराकडे निघाले. चेन बसायला त्यांना फार वेळ लागत नाही.