ठशांच्या काचेचा सत्कार

शी! आधी कुणीतरी पुसा मला, मग बोलते.

मी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची काच. घासूनपुसून, मऊ कापडात गुंडाळून मला पाठवलं, तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या दुर्बिणीत बसू, तारे बघू. नशिबी आली माणसांची बोटं! माशीलाही परवान्याशिवाय आत न सोडणाऱ्या एका सरकारी कारखान्याच्या फाटकालगत पडताळणी कचेरी आहे, तिथल्या खिडकीत मला बसवलं.

कंत्राटदारांची माणसं आत कामाला जाण्याआधी माझ्यावर बोटं टेकतात. कुणाचं बोट नुकतंच नाकातून निघालेलं, कुणाचं चाटून 'स्वच्छ' केलेलं. साहेबलोकही त्यातलेच, फक्त वर अत्तराचा वास.

मला सांभाळायच्या त्या ठसेबाई. नाव कुणी विचारलंच नाही, सगळे हेच म्हणायचे. ठसे जुळवायचे, राहते पत्ते तपासायचे, पोलिसांकडून खातरजमा करायची, हे त्यांचं काम. प्रत्येक बोटानंतर त्या मला पुसायच्या, लेकराचं तोंड पुसावं तशा.

एकदा साफसफाईचा कंत्राटदार एका मावशींना घेऊन आला. मावशींनी बोट टेकलं आणि मला काही म्हणता काही दिसेना. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडनं संडास धुऊन बोटं गुळगुळीत झाली होती. एकामागून एक बोटं टेकवून झाली, सगळी कोरी.

कंत्राटदार खिडकीत वाकला. "बाई, माझी पुतणी बाहेर उभी आहे. तिचं बोट लावा आणि मोकळे व्हा."

"आणि उद्या त्या बोटानं यांच्या नावावर दुसरंच कुणी आत शिरलं, तर? धरतील या मावशींना."

तो तडक कचेरीच्या साहेबांकडे गेला. साहेब जांभई आवरत बाहेर आले. "एका बोटानं काय आभाळ कोसळतंय? लावा कुणाचंही. उगाच काम अडवू नका."

"तसं लेखी द्या साहेब, मग लावते."

साहेबांची जांभई अर्ध्यातच मिटली. "फार शहाण्या झालात! मग संध्याकाळपर्यंत हिचं काम झालं नाही, तर नाव रद्द."

मावशी रडकुंडीला आल्या. "बाई, घरात मिळवती मी एकटीच हो."

"रडू नका, हात द्या इकडे," ठसेबाई म्हणाल्या. आपला डबा बाजूला सारून त्यांनी कोमट पाणी आणलं. मावशींची बोटं भिजवली, पुसली, मलम चोळलं, पुन्हा टेकवली. पुन्हा कोरी. पुन्हा भिजवली. अखेर डाव्या करंगळीनं माझ्यावर बारीक रेघा उठवल्या. ब्रश धरताना ती करंगळी वरच राहायची म्हणे, म्हणून वाचली.

"आली हो मावशी, आली!" ठसेबाई ओरडल्याच. मावशींनी त्यांचे हात आपल्या कपाळाला लावले. खरं सांगते, मला घाण न वाटलेलं ते एकच बोट.

पुढे वरिष्ठांनी जाहीर केलं, पडताळणी करणाऱ्यांचा सत्कार करायचा. मला वाटलं, चला, देवाला डोळे आहेत!

मला यंत्रासकट उचलून सभागृहात नेलं. व्यासपीठावर साहेब, आणि त्यांच्या शेजारी तोच कंत्राटदार, उपकार केल्यासारखा हसत. साहेब बोलायला उठले. "आमच्याकडे एकही चुकीचा माणूस आत गेला नाही, याचं सगळं श्रेय या आधुनिक यंत्राला!" आणि माझ्या गळ्यात चकचकीत फीत बांधली. माझ्या! टाळ्यांचा कडकडाट झाला.

फोटोसाठी ठसेबाईंना बोलावलं. त्या पदर सारखा करून माझ्यामागे उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा सरका, यंत्र झाकलं जातंय." त्या सरकल्या. "अजून थोडं." त्या पायरी उतरून खाली गेल्या. कंत्राटदारानं माझ्यावर सरबतानं चिकट झालेला हात ठेवला आणि फोटो निघाला.

तो फोटो आता कचेरीच्या दारातच टांगलाय. ठसेबाई रोज सकाळी त्याच्याखालून खिडकीशी येऊन बसतात, त्याच्याकडे न बघता. गेल्या महिन्यात मला तडा गेला, आता नवी काच यायची आहे. जाताना एवढंच मागते. तुम्ही कधी त्या कचेरीत गेलात, तर फोटोपुढे थांबू नका. थेट खिडकीशी जा आणि विचारा, "बाई, तुमचं नाव काय?"